विश्लेषण : मक्याच्या शेतांतून ७५० किलोमीटर... आयोवाची ‘रॅगब्राय’ सायकलयात्रा ५० वर्षे कशी टिकली?

दरवर्षी जुलैच्या अखेरच्या आठवड्यात अमेरिकेतील आयोवा राज्याच्या पश्चिम सीमेवर हजारो सायकलस्वार जमतात. सायकलचे मागचे चाक मिसुरी नदीत बुडवून ते निघतात आणि आठवडाभराने पूर्व सीमेवरील मिसिसिपी नदीत पुढचे चाक बुडवून थांबतात. मधला सारा रस्ता मका आणि सोयाबीनच्या शेतांतून जातो. ही स्पर्धा नाही. कोणी पहिला येत नाही, कोणाला पदक मिळत नाही. दोन पत्रकारांच्या गप्पांतून १९७३ मध्ये सुरू झालेल्या या यात्रेने २०२३ मध्ये पन्नाशी गाठली. शेतीप्रधान राज्यातील लहान गावे या एका आठवड्याची वाट का पाहतात? आणि या रस्त्यावरून जाणाऱ्याला शेतीचे खरे चित्र किती दिसते?

‘रॅगब्राय’ म्हणजे काय?

‘रजिस्टर्स अॅन्युअल ग्रेट बायसिकल राइड अक्रॉस आयोवा’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांपासून ‘रॅगब्राय’ हा शब्द तयार झाला. यातील ‘रजिस्टर’ म्हणजे ‘द डे मॉईन रजिस्टर’ हे आयोवाच्या राजधानीतून निघणारे दैनिक. यात्रा सात दिवसांची असते. मार्ग दरवर्षी बदलतो, पण दिशा कायम पश्चिमेकडून पूर्वेकडे. एकूण अंतर सरासरी ७५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दिवसाला साधारण १०० ते ११० किलोमीटर.

पूर्ण आठवड्यासाठी नोंदणी करणाऱ्यांची मर्यादा अनेक वर्षे साडेआठ हजार होती. त्याशिवाय एखाद्या दिवसापुरते येणारे वेगळे आणि नोंदणी न करताच रांगेत मिसळणारेही बरेच. सामान ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जाते. वाटेत दमलेल्यांना आणि सायकल मोडलेल्यांना उचलून नेणारी वाहने असतात. चौकाचौकांत राज्य पोलीस वाहतूक अडवून धरतात. रात्री शाळेच्या मैदानात, बागेत किंवा कोणाच्या तरी घरासमोरच्या हिरवळीवर तंबू पडतात.

सुरुवात कशी झाली?

‘रजिस्टर’मधील जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल हे दोघे सायकलवेडे सहकारी. कॉल यांचा ‘ओव्हर द कॉफी’ हा स्तंभ राज्यात लोकप्रिय होता. त्यांनी सायकलवरून आयोवा पार करावे आणि वाटेत जे दिसेल ते स्तंभात लिहावे, अशी कल्पना कॅरस यांनी मांडली. कॉल यांनी अट घातली : कॅरस सोबत येणार असतील तरच. व्यवस्थापकीय संपादक एड हाइन्स यांनी होकार दिला आणि वाचकांनाही बोलवा, असे सुचवले. त्यानुसार अंकात निमंत्रण छापून आले.

ऑगस्ट १९७३ च्या अखेरीस पश्चिमेकडील स्यू सिटी येथून सुमारे ३०० जण निघाले. स्टॉर्म लेक, फोर्ट डॉज, एम्स, डे मॉईन, विल्यम्सबर्ग असे मुक्काम करत यात्रा सहाव्या दिवशी डॅव्हनपोर्टला पोहोचली. पूर्ण अंतर कापणारे ११४ जण निघाले. एम्स ते डे मॉईन या टप्प्यावर तर गर्दी ५०० वर गेली होती.

उपक्रम तिथेच संपायचा होता. पण नंतर वाचकांच्या तक्रारींची पत्रे आली. सूचना फार उशिरा मिळाली, तेव्हा राज्याची जत्रा सुरू होती, मुलांच्या शाळा सुरू झाल्या होत्या. पुन्हा करा, असा बहुतेकांचा सूर होता. दुसऱ्या वर्षी तारीख अलीकडे आणली गेली आणि हजारो लोक आले. तिसऱ्या वर्षी ‘रॅगब्राय’ हे नाव रूढ झाले. कॉल २०१८ मध्ये आणि कॅरस २०२१ मध्ये निवर्तले. यात्रेतील १०० मैलांच्या ऐच्छिक वळणाला आजही कॅरस यांचे नाव आहे.

पहिल्या यात्रेचा नायक कोण?

दोन्ही पत्रकारांपेक्षा त्या वर्षी जास्त गाजले ते इंडियनोला गावचे क्लॅरेन्स पिकार्ड. वय ८३. जवळ जुनी, वापरलेली लेडीज सायकल. ऐन उन्हाळ्यात अंगात लांब बाह्यांचे कपडे, आत लांब अंतर्वस्त्रे आणि डोक्यावर जंगलात शिकारी घालतात तशी टोपी. पूर्वतयारी जवळपास नाहीच. रोज सकाळी ते निघत, वाटेत मागे पडत, आणि संध्याकाळी उशिरा का होईना, मुक्कामी पोहोचत. डे मॉईन ते विल्यम्सबर्ग हा सुमारे १७५ किलोमीटरचा टप्पाही त्यांनी पार केला आणि अखेर डॅव्हनपोर्ट गाठले.

त्यांच्या बातम्या राज्यभर वाचल्या जात होत्या. आजोबा आज कुठवर आले, हे पाहायला गावकरी रस्त्यावर येऊन थांबू लागले. ही यात्रा कसलेल्या खेळाडूंची नाही, आपणही त्यात जाऊ शकतो, हा समज तेव्हा रुजला. आजही तिथे महागड्या हलक्या सायकलींच्या शेजारी जुन्या सायकली, दोघांनी चालवायच्या सायकली आणि मागे मुलांची गाडी जोडलेले आईवडील दिसतात.

हे आयोवातच कसे जमले?

पहिले कारण जमिनीच्या आखणीत आहे. अमेरिकी काँग्रेसने १७८५ मध्ये जमीन मोजणीचा कायदा केला. त्यानुसार पश्चिमेकडील प्रदेश एक मैल बाय एक मैल अशा चौकोनांत आखला गेला. असा एक चौकोन म्हणजे ६४० एकर. आयोवात ही चौकट जवळजवळ राज्यभर उमटली आणि चौकोनांच्या कडांनी रस्ते आले. पुढे शेतातील धान्य, दूध, जनावरे बाजारात नेण्यासाठी यातील बरेच रस्ते पक्के झाले. त्यामुळे महामार्ग टाळून, तुरळक वाहतुकीच्या पक्क्या रस्त्यांनी राज्य पार करण्याचे असंख्य पर्याय उपलब्ध आहेत. दरवर्षी मार्ग बदलता येतो तो यामुळेच.

दुसरे कारण म्हणजे राज्याच्या दोन्ही बाजूंना नद्या आहेत. सुरुवात आणि शेवट कुठे, हे भूगोलानेच ठरवून दिले आहे.

आयोवा सपाट आहे हा गैरसमज मात्र पहिल्याच दिवशी दूर होतो. मिसुरीकाठी वाऱ्याने वाहून आणलेल्या मातीच्या टेकड्यांची लांब रांग आहे. पूर्वेला मिसिसिपीच्या खोऱ्यातही चढउतार आहेत. शिवाय जुलैतील उकाडा. वाढीच्या भरात असलेला मका पानांतून प्रचंड प्रमाणात वाफ बाहेर टाकतो आणि हवेतील दमटपणा वाढतो. स्थानिक लोक याला ‘मक्याचा घाम’ म्हणतात. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा मका, मधे तापलेला रस्ता आणि समोरून वारा असेल तर सपाट टप्पाही चढासारखा वाटतो.

लहान गावांना काय मिळते?

आयोवाची लोकसंख्या सुमारे ३२ लाख. राज्यात ९०० हून अधिक नोंदणीकृत नगरे आहेत. पण त्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी हजार माणसेही राहत नाहीत. अशा गावातून एका सकाळी दहा-पंधरा हजार लोक जाणार असतील तर काय होते, याची कल्पना करता येईल.

मार्ग साधारणपणे जानेवारीच्या अखेरीस जाहीर होतो. तेव्हापासून गावात समित्या बसतात. पाणी कुठे, फिरती स्वच्छतागृहे कुठे, तंबू कुठे, डॉक्टर कोण, हे ठरते. चर्चच्या महिला फळांचे ‘पाय’ भाजतात. अग्निशमन केंद्रातील स्वयंसेवक सकाळची न्याहारी बनवतात. शाळेचे वाद्यवृंद पथक किंवा क्रीडासंघ लिंबू सरबत, केळी, उकडलेली कणसे विकतो. या कमाईतून गणवेश येतात, सभागृहाचे छप्पर दुरुस्त होते, तलावाची डागडुजी होते. मुक्कामाच्या गावांत अनेक कुटुंबे अनोळखी सायकलस्वारांना घरात जागा देतात आणि अंघोळीची सोय करतात.

मराठी वाचकाला इथे वारी आठवणे साहजिक आहे. तिथे विठ्ठल नाही, अभंग नाहीत. संध्याकाळी बिअर आणि गाणीबजावणी असते. त्यामुळे दोन्हींची बरोबरी करता येणार नाही. पण रस्त्यावरच्या गावाने येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी आणि घास द्यायचा, मुक्कामाचे वेळापत्रक वर्षानुवर्षे पाळायचे आणि ‘यंदा आपल्या गावावरून’ याचा अभिमान बाळगायचा, ही रीत ओळखीची वाटते. फरक एवढाच की पालखीचा मार्ग ठरलेला असतो, रॅगब्रायचा नसतो. त्यामुळे एखाद्या गावाची पाळी पुन्हा यायला अनेक वर्षे लागू शकतात.

वाटेत कोणती शेती दिसते?

मका, डुकरे, अंडी आणि मक्यापासून बनणारे इथेनॉल या चारही उत्पादनांत आयोवा अमेरिकेत आघाडीवर आहे. रस्त्याकडेला मैलोन्‌मैल दिसणारा मका मात्र माणसाने कणीस भाजून खाण्याचा नाही. तो कडक दाण्याचा, पशुखाद्याचा आणि कारखान्यांचा मका. राज्यातील निम्म्याहून अधिक मका इथेनॉलकडे जातो. उरलेल्यातील मोठा वाटा जनावरांच्या पोटात. सायकलस्वारांना गावात मिळणारे गोड कणीस हे वेगळे, तुलनेने थोड्या क्षेत्रावरचे पीक आहे.

संकरित मक्याचे व्यापारी बियाणे रुजले तेही इथेच. पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झालेले हेन्री ए. वॉलेस यांनी १९२६ मध्ये आयोवात संकरित मका बियाण्यांची कंपनी काढली. बीजोत्पादनाच्या शेतात मादी ओळींतील झाडांचे तुरे जुलैत खुडावे लागतात. शाळकरी मुलांचे हे पारंपरिक सुट्टीतले काम. यात्रा जाते तेव्हा अनेक ठिकाणी हा हंगाम सुरू असतो.

महाराष्ट्राचाही या मातीशी एक धागा आहे. हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग मूळचे आयोवातील क्रेस्को परिसरातले. त्यांनी सुरू केलेल्या जागतिक अन्न पुरस्काराचे मुख्यालय डे मॉईनमध्ये आहे. १९८७ चा पहिला पुरस्कार डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांना, तर १९९८ चा पुरस्कार जालन्याचे बियाणे उद्योजक बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला. संकरित बियाणे भारतातील सामान्य शेतकऱ्यापर्यंत नेण्याच्या कामाचा तो गौरव होता.

आणि काय दिसत नाही?

दिसत नाहीत ती माणसे. आयोवात १९५० मध्ये दोन लाखांवर शेते होती. २०२२ च्या कृषिगणनेत ती सुमारे ८७ हजार उरली. एका शेताचा सरासरी आकार सुमारे ३४५ एकर आहे. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार हीच सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होती. यंत्रे मोठी झाली तशी शेते एकमेकांत विलीन झाली. १९८० च्या दशकात कर्ज, चढे व्याजदर आणि जमिनीच्या कोसळलेल्या किमतींमुळे हजारो कुटुंबांना शेती सोडावी लागली. शेतकरी गेले की दुकान बंद पडते, मग शाळा शेजारच्या गावात विलीन होते. यात्रेच्या दिवशी तुडुंब भरलेल्या मुख्य रस्त्यावरची कुलुपे एरवीही लागलेलीच असतात.

डुकरेही फारशी दिसत नाहीत. राज्यात माणसांच्या सुमारे सातपट डुकरे आहेत; पण ती लांबलचक बंदिस्त शेडमध्ये. सायकलस्वाराला त्यांचा पत्ता वासावरून लागतो.

तिसरी न दिसणारी गोष्ट जमिनीखाली आहे. उत्तर आणि मध्य आयोवातील बराच भाग पूर्वी पाणथळ होता. शेतकऱ्यांनी जमिनीत सच्छिद्र नळ्यांचे जाळे पुरून पाण्याचा निचरा केला आणि जगातील सर्वात सुपीक जमिनींपैकी एक लागवडीखाली आणली. पण याच नळ्यांतून खतांतील आणि मातीतील नायट्रेट ओढ्यांत, तिथून नद्यांत जाते. डे मॉईन शहर पिण्याचे पाणी डे मॉईन आणि रॅकून या नद्यांतून घेते. पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनचे प्रमाण लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, ही अमेरिकी मर्यादा आहे. लहान बाळांच्या रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याच्या क्षमतेवर नायट्रेटचा परिणाम होतो, म्हणून ती ठरवली गेली. ती पाळण्यासाठी शहराला नायट्रेट काढून टाकणारी खर्चीक यंत्रणा चालवावी लागते.

शहर विरुद्ध शेती असा वाद झाला का?

झाला, आणि न्यायालयात गेला. डे मॉईनच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये सॅक, ब्यूना व्हिस्टा आणि कॅल्हून या तीन काउंटींतील निचरा व्यवस्थेविरुद्ध दावा केला. कारखान्याच्या सांडपाण्यासारखे नियम शेतातून येणाऱ्या नळ्यांच्या पाण्यालाही लावा, अशी मागणी होती. २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला.

यातील ब्यूना व्हिस्टा काउंटीचे मुख्य ठिकाण म्हणजे स्टॉर्म लेक. १९७३ च्या पहिल्या यात्रेचा पहिला मुक्काम तिथेच होता आणि २०२३ च्या पन्नाशीचाही. तेथील ‘स्टॉर्म लेक टाइम्स’ या लहानशा वृत्तपत्राचे संपादक आर्ट कलन यांनी काउंटींच्या न्यायालयीन खर्चामागे कृषी उद्योगाचा पैसा कसा आहे, यावर अग्रलेख लिहिले. आपल्याच भागातील मोठ्या हितसंबंधांना प्रश्न विचारणाऱ्या या लेखनाला २०१७ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

प्रश्न मात्र सुटलेला नाही. जून २०२५ मध्ये नदीतील नायट्रेट इतके वाढले, की मध्य आयोवाच्या पाणीपुरवठा यंत्रणेने घरासमोरील हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आणली. पाणी कमी नव्हते. पण ते शुद्ध करण्याची क्षमता अपुरी पडत होती.

यात्रेवर संकटे कोणती आली?

पहिले उत्तरदायित्वाचे. २००४ मध्ये क्रॉफर्ड काउंटीत रस्त्याच्या मधोमध असलेल्या भेगेत चाक अडकून एका सायकलस्वाराचा मृत्यू झाला. कुटुंबाने दावा केला आणि साडेतीन लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यानंतर २००७ मध्ये काउंटीने यात्रेला बंदी केली. वर्दळ नसलेल्या ग्रामीण रस्त्यावर एका दिवसासाठी हजारो सायकली येणार असतील, तर त्या रस्त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यातून पुढे आला. ही बंदी नंतर उठली.

दुसरे संकट विश्वासाचे. सप्टेंबर २०१९ मध्ये फुटबॉल सामन्याच्या प्रक्षेपणात गमतीने बिअरसाठी पैसे मागणाऱ्या एका तरुणाकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. त्याने ही रक्कम मुलांच्या रुग्णालयाला देण्याचे ठरवले आणि ती दहा लाख डॉलरच्या वर गेली. त्याच्यावरील बातमीत ‘रजिस्टर’ने त्याच्या शाळकरी वयातील आक्षेपार्ह ट्वीटचा उल्लेख केला. वाचक भडकले. पुढच्या महिन्यात, कंपनी आम्हाला मोकळेपणाने बोलू देत नाही असे सांगत, रॅगब्रायच्या संचालकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि ‘आयोवाज राइड’ या वेगळ्या यात्रेची घोषणा केली.

राज्य तेव्हा दोन गटांत विभागले गेले. पण २०२० मध्ये करोनामुळे सायकलींची चाकेच थांबली. १९७३ पासून पहिल्यांदाच रॅगब्राय रद्द झाली. २०२१ मध्ये ती पुन्हा निघाली.

पुढे काय?

२०२३ मध्ये यात्रा पुन्हा स्यू सिटी ते डॅव्हनपोर्ट अशी झाली. एम्स ते डे मॉईन या एका दिवसाच्या टप्प्यावर ५० हजारांहून अधिक सायकली होत्या, असा अंदाज व्यक्त झाला. याच टप्प्यावर १९७३ मध्ये ५०० सायकली म्हणजे गर्दी वाटली होती. २०२४ मध्ये दक्षिणेकडील ग्लेनवूड ते बर्लिंग्टन असा मार्ग होता.

मात्र यात्रेला जन्म देणाऱ्या दैनिकाचे जग पार बदलले आहे. ‘रजिस्टर’ १९८५ मध्ये स्थानिक कुटुंबाच्या हातून ‘गॅनेट’ या देशव्यापी समूहाकडे गेले. कधीकाळी हा अंक आयोवाच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचत असे. सहा आठवड्यांपूर्वी छापलेल्या एका निमंत्रणावर शेकडो लोक सायकली घेऊन आले, ते त्या बळावर. आज छापील खप सर्वत्र घटत असताना त्या दैनिकाचे नाव अनेकांना सायकलयात्रेमुळेच ठाऊक असते.

गावांची स्थितीही तशीच आहे. एका दिवसाच्या कमाईतून सभागृहाचे छप्पर होते, पण बंद झालेली शाळा उघडत नाही. नदीतील नायट्रेट सायकली गेल्याने कमी होत नाही. तरीही शहरातला माणूस ताशी २० किलोमीटर वेगाने आठवडाभर शेतांमधून जातो, निचऱ्याच्या चरावरचा पूल ओलांडतो, डुकरांच्या शेडचा वास घेतो आणि संध्याकाळी एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात तंबू ठोकतो, तेव्हा दोघांत बोलणे होते. पाण्यावरून न्यायालयात समोरासमोर उभ्या राहिलेल्या शहराला आणि खेड्याला जेवायला एकत्र बसवणारे निमित्त तिथे फारसे उरलेले नाही. येत्या जानेवारीत नवा मार्ग जाहीर होईल, तेव्हा राज्यातील शेकडो गावे नकाशावर आधी आपलेच नाव शोधतील.